खान्देशातल्या कारखान्याला व्यवस्थापक: घरचा, बाहेरगावचा की परदेशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभा केलेला, कांदा-लसूण वाळवून निर्यात करणारा कारखाना आता पुढची पिढी चालवते आहे आणि धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याला त्याच मालाचा दुसरा, बराच मोठा प्रकल्प उभा राहतो आहे. पुण्याहून एक आणि गुजरातमधून एक असे दोन प्लांट मॅनेजर आणले, पण दोघेही टिकले नाहीत. जुन्या कारखान्यातला अनुभवी सुपरवायझर बढतीची वाट पाहतो आहे. नवी वाळवणी यंत्रणा देणारी युरोपातली कंपनी तिच्या ओळखीचा एक तंत्रज्ञ दोन वर्षे पगारावर ठेवून घेण्याचा आग्रह धरते आहे. अशा वेळी माणूस स्थानिक घ्यावा, बाहेरचा घ्यावा की परदेशी, आणि पगाराचे गणित कसे बसवावे, अशी विचारणा आहे.

उत्तर मी उलट्या टोकाकडून देणार आहे, कारण माणूस कुठून आणायचा हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ज्या खुर्चीवर त्याला बसवायचे, त्या खुर्चीकडे नेमके कोणते निर्णय सोपवले आहेत, हा पहिला प्रश्न असून खान्देशातल्या बहुतेक कुटुंबाच्या कारखान्यांत त्याचे उत्तर कागदावर तर नसतेच, बोलण्यातही नसते. मी भरतीच्या कामानिमित्त या भागातले कारखाने आतून पाहत आलो आहे, आणि बाहेरून आणलेला माणूस निघून जातो त्याचे कारण ऊन, पाणी किंवा पगार यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा हेच निघते. मालकाच्या मुखी मात्र 'त्याचं मन रमलं नाही' असेच असते.

एका कारखान्यातला प्रसंग सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. रात्रीच्या पाळीत वाळवणीच्या पट्ट्याचे एक बेअरिंग गेले. ६२०५ क्रमांकाचे, काही शे रुपयांना मिळणारे, मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात सापडणारे साधे बेअरिंग ते. स्टोअरमध्ये मात्र शिल्लक नव्हते. मॅनेजरने दुकानदाराला झोपेतून उठवून ते आणवले असते, पण रोखीच्या खरेदीवर सही शेठजींचीच लागत असे आणि शेठजी चोपड्याला लग्नात होते. स्टोअर सांभाळणारे गृहस्थ शेठजींचे आतेभाऊ. त्यांनी मॅनेजरला न विचारता थेट शेठजींना फोन लावला, शेठजींनी फोनवरूनच फिटरला सकाळपर्यंत थांबायला सांगितले आणि पट्ट्यावरचा अर्धवट वाळलेला कांदा उजाडेपर्यंत तांबूस पडला. मॅनेजरला हा सगळा व्यवहार पाळी सुटताना वॉचमनकडून कळला. पुढच्या बैठकीत नुकसानीचा जाब मात्र त्यालाच विचारण्यात आला. त्या माणसाने राजीनामा काही महिन्यांनी दिला असला, तरी मनाने त्याने कारखाना त्या पहाटेच सोडला होता.

मालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपल्याकडचा उद्योग बहुतांशी घर आणि शेत तारण ठेवून उभा राहिला. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत भाऊ, मेहुणे, आतेभाऊ यांच्याच हाती चाव्या होत्या म्हणून तो तगला. अशा माणसाला एकदम 'अधिकार सोडा' असे सांगणे सोपे आहे. पण ज्याला आपण सहा महिन्यांपूर्वी ओळखत नव्हतो, त्याच्या सहीने लाखोंची खरेदी होऊ द्यायची, हे धाडस व्याख्यान ऐकून येत नाही. म्हणून अधिकार मोजून द्यावेत. खरेदीची रक्कम, रोजंदारीचे मजूर घेणे-कमी करणे, पाळीचे नियोजन, यंत्र थांबवणे आणि निर्यातीचा कंटेनर रोखून धरणे या पाच गोष्टींवर कोणाचा शब्द अखेरचा, हे एका पानावर लिहावे, त्यावर वडिलांचीही सही घ्यावी आणि ते पान स्टोअर, खरेदी व हिशेब या तिन्ही विभागांना द्यावे. सुरुवातीला रक्कम लहान असली तरी चालेल. मात्र त्या रकमेच्या आत घेतलेला निर्णय मालकाने फोनवरून फिरवायचा नाही, ही अट मोडली तर बाकीचे सारे व्यर्थ जाते. वडिलांची सही मी मुद्दाम सांगितली. तुम्ही दिलेला अधिकार त्यांनी सकाळच्या फेरीत काढून घेतला, तर कामगार कोणाचे ऐकतील हे सांगायला नको.

हे पान तयार झाले की बाजाराकडे वळू. वाढत्या अर्थव्यवस्थेत व्यवस्थापकांची टंचाई सरसकट नसते. ती एका विशिष्ट वयाच्या माणसांची असते. जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, बांभोरी या गावांतून अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. विद्यापीठ १९९० पासून आहे. त्यामुळे नवशिक्या पदवीधरांचे अर्ज ढिगाने येतात. दुसऱ्या टोकाला भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने, रेल्वे आणि दीपनगरचे वीज केंद्र येथून निवृत्त झालेली, शिस्तीत मुरलेली माणसे आहेत. या दोहोंच्या मधली, म्हणजे आठ-दहा ते अठरा-वीस वर्षे अनुभवाची, संसार ऐन भरात असलेली फळीच येथे नाही. ती चाकणला, नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला किंवा सुरत-अंकलेश्वर-वापीच्या पट्ट्यात आहे. पदवी हाती पडली की गाडी पकडायची, हे आता दुसऱ्या पिढीचे वळण झाले आहे. आणि अर्थव्यवस्था जितकी वाढते, तितके त्या शहरांतले पगार आधी वाढतात आणि येथले नंतर, त्यामुळे तुम्ही ज्याला आज बोलावणार, त्याच्या अपेक्षा तुमच्या नफ्यापेक्षा वेगाने पुढे गेलेल्या असतात.

निवृत्त माणसांबद्दल येथेच सांगून टाकतो. देखभाल, सुरक्षा, स्टोअरची नोंद आणि नव्या मुलांचे प्रशिक्षण यांसाठी ते उत्तम; मागणीप्रमाणे रोज आराखडा बदलणाऱ्या खासगी कारखान्याचा संपूर्ण भार त्यांच्यावर टाकू नये.

आता स्थानिक माणसाकडे येऊ. सरकारी व्याख्या आणि आपली व्याख्या येथे वेगळ्या पडतात. प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर किमान ८० टक्के स्थानिक असावेत, असे राज्य शासनाचे २००८ च्या शासन निर्णयातले धोरण आहे; त्यासाठी स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेला. त्यामुळे कोल्हापूरचा किंवा चंद्रपूरचा उमेदवार तुमच्या कागदपत्रांत स्थानिकच धरला जाईल. नरडाण्याच्या कामगारांच्या लेखी मात्र तो पुण्याहून आलेल्या साहेबाइतकाच परका असेल. अनुदानाचे प्रस्ताव करताना पहिली व्याख्या सांभाळा आणि नेमणूक करताना दुसरी.

खरा स्थानिक व्यवस्थापक असण्याचा फायदा काय, हे ऐन हंगामात दिसते. वाळवणीचा हंगाम उन्हाळी कांद्याबरोबर चढतो आणि नेमके त्याच महिन्यांत लग्नाच्या तिथी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन येते. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि कारखान्यातल्या निवडणीच्या टेबलांवर बसणाऱ्या बायका रजेवर जातात. ज्याला हे ठाऊक आहे तो महिनाभर आधी पाळ्या आखतो, शिरपूर किंवा शिंदखेड्याच्या कोणत्या गावाहून टेम्पो भरून बायका आणता येतील ते बघतो. ज्याला ठाऊक नाही तो गैरहजेरीच्या नोटिसा लावतो. अहिराणी या इथल्या बोलीत केलेली तक्रार स्थानिक माणसाला दुभाष्याशिवाय कळते, हेही आहेच, आणि ती तक्रार बहुधा इंग्रजी अहवालात येणाऱ्या तक्रारीपेक्षा आठवडाभर आधी आलेली असते.

पण स्थानिकाची अडचणही तिथेच असते. ज्याच्या हाताखाली चुलत मामा काम करतो, त्याने मामाची अर्धा दिवस पगारकपात कशी करायची? कारखान्यात केली, तर गावातल्या पंगतीत त्याचा हिशेब निघतो. शिवाय मालकाच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला माणूस मॅनेजर झाला तरी मालकाच्या तोंडी 'अरे' राहतो. चारचौघांत, फिटर-हेल्परांसमोर 'अरे, तुले सांगितलं व्हतं ना' अशी हाक गेली, की नेमणूकपत्रातले पद नावापुरतेच उरते. तुमच्या जुन्या सुपरवायझरला बढती द्यायची असेल, तर त्या दिवसापासून घरातल्या सर्वांनी, वडिलांनीसुद्धा, कारखान्यात त्याला 'अहो' म्हणायचे हे ठरवून घ्या. घरी, ओट्यावर बसल्यावर काय म्हणायचे ते तुमचे तुम्ही बघा.

त्याला बढती द्यावी का? माझे मत असे की जुना कारखाना त्याच्याकडे द्यावा, नवा देऊ नये. ज्या यंत्रांचा आवाज ऐकून तो बिघाड ओळखतो, ती जळगावला आहेत. नरडाण्याला वेगळी यंत्रणा, वेगळे ग्राहक आणि अधिक कागदपत्रे असतील. तिथे त्याची अर्धी ताकद वाया जाईल आणि उरलेली अर्धी स्वतःला सिद्ध करण्यात खर्ची पडेल. जळगावची पूर्ण जबाबदारी, पद आणि पगारासह, आधी त्याला द्या आणि मगच नव्यासाठी बाहेर शोध सुरू करा. हा क्रम चुकला आणि बाहेरचा माणूस आधी आला, तर हाच सुपरवायझर, कोणतेही वाईट काम न करता, केवळ गप्प राहून नव्या माणसाला पाडू शकतो.

पगाराचा तिढा येथेच सुरू होतो. पुण्याहून येणारा उमेदवार मिळत असलेल्या पगारावर तीस-चाळीस टक्के वाढ मागतो, आणि ती दिली की तो तुमच्या सर्वांत जुन्या माणसाच्या दुप्पट-अडीचपट पगारावर जाऊन बसतो. हे लपत नाही. हिशेब विभागातला मुलगा कोणाचा तरी भाचा असतोच. यावर मी सुचवतो तो मार्ग असा: पदाचा मूळ पगार सर्वांसाठी एकाच पट्ट्यात ठेवावा आणि बाहेरून येणाऱ्याला घरभाडे, मुलांच्या शाळेचा खर्च, गावी जाण्या-येण्याचे भाडे अशा स्थलांतराच्या बाबी वेगळ्या, मुदत घालून द्याव्यात. म्हणजे फरक माणसाच्या किमतीचा नसून गाव सोडण्याचा आहे, हे सर्वांना दिसते आणि तीन वर्षांनी तो कमी करण्याचे कारणही हाती राहते. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्यामुळे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो आणि त्याचा परिणाम ग्रॅच्युइटीवर होतो. मुदतीच्या करारावर घेतलेल्यालाही आता एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते. तेव्हा पगाराचा तक्ता करण्याआधी तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. मागच्या वर्षीचा तक्ता जसाच्या तसा वापरू नका.

बाहेरगावच्या माणसाबाबत मालक मुलाखत चुकीच्या व्यक्तीची घेतात, असे मला वाटते. माणूस येतो, टिकायचे की नाही, हे त्याचे घर ठरवते. एका उमेदवाराला मी सपत्निक बोलवायला सांगितले होते. गृहस्थांशी मालक यंत्रांबद्दल दोन तास बोलले. बाईंनी दहा मिनिटांत जे विचारले, ते असे: सीबीएसई शाळा घरापासून किती लांब आहे, अकरावीला तिथेच ठेवता येईल का, त्या स्वतः पुण्यात एका बँकेत होत्या तर बदली मिळेल का, उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते, आणि रात्री मूल आजारी पडले तर बालरोगतज्ज्ञ किती अंतरावर आहे. मालकांकडे यांतल्या एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर नव्हते. उमेदवाराने होकार कळवला, पण कुटुंब पुण्यातच राहिले. असा माणूस शनिवारी दुपारपासून गाडीच्या वेळेकडे बघू लागतो आणि सोमवारी दुपारी भानावर येतो. दीड-दोन वर्षांत पुण्याजवळ बरोबरीची जागा निघाली की तो जाणार, हे त्याच्या पहिल्या महिन्यातच सांगता येते.

नरडाण्यापुरते बोलायचे, तर कुटुंबाला प्रकल्पाजवळ ठेवण्याचा हट्ट सोडा. शिरपूर किंवा धुळे येथे घर घेऊन द्या, रोजच्या गाडीची सोय करा. शिरपूरला शिक्षणाची सोय आजूबाजूच्या गावांच्या मानाने चांगली आहे, मुंबईच्या शिक्षणसंस्थेचे आवारही तिथे आहे. धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या इतर सोयी आहेत. जोडीदाराच्या नोकरीसाठी तुमचा शब्द जिथे चालतो अशा शाळा, बँका, दवाखाने आधीच धुंडाळा. ही मदत ऑफर लेटरात लिहिता येत नसली, तरी तिचे वजन पगारवाढीपेक्षा अधिक पडते. जळगावच्या विमानतळाचा उल्लेख करून उमेदवाराला भुलवू नये. उडान योजनेखाली सुरू झालेली सेवा मध्ये बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली, हे तो स्वतः शोधून काढतो आणि मग तुमच्या इतर शब्दांवरही शंका घेतो.

या सर्वांत मला सर्वाधिक भरवशाचा वाटतो तो बाहेर गेलेला खान्देशी माणूस. अमळनेर, पारोळा, चोपडा, शहादा येथून वीस वर्षांपूर्वी गेलेला, आज पुण्यात किंवा सुरतेत मधल्या फळीत असलेला, आणि आई-वडील आता थकल्यामुळे महिन्यातून एकदा गावी येणारा. त्याच्याकडे मोठ्या कारखान्याची शिस्त आहे आणि भरीत-भाकरीची सवय मोडलेली नाही. त्याच्या पत्नीचे माहेरही बहुधा याच दोन-तीन तालुक्यांत असते, म्हणून घरातून होणारा विरोध निम्म्यावर येतो. पगारात तो थोडी तडजोड करतो, पण पदात करत नाही. 'असिस्टंट' हा शब्द नेमणूकपत्रात दिसला तर तो येणार नाही, कारण गावात परत आलेल्याकडे 'तिकडे जमलं नाही म्हणून आला' अशा नजरेने पाहिले जाते आणि त्याला ते खोटे पाडायचे असते. दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. एक, तो कारखान्यासाठी येतो आहे की वाटणीत आलेल्या केळीच्या बागेसाठी; बाग असायला हरकत नाही, पण ती कोण पाहणार हे विचारावे. दुसरी, भाऊबंदकीच्या वादात तो अडकलेला नाही ना. कोर्टाच्या तारखांना जाणारा व्यवस्थापक कारखान्यात शरीराने असतो, इतकेच.

असा माणूस नोकरीच्या संकेतस्थळावर सहसा सापडत नाही, कारण तो नोकरी शोधतच नसतो. तो खान्देशच्या कानबाई देवीच्या सणाला सापडतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याचा घरगुती सण, असतात, तेव्हा पुण्या-सुरतेचा खान्देशी माणूस गावी येतो, आणि भाऊबंदांत बसून 'इकडे काही चांगलं निघालं तर सांगा' असे अर्धवट गमतीने म्हणतो. त्या आठवड्यात तुम्ही गावांतून निरोप फिरवलेला असला पाहिजे. हे ऐकून नात्यागोत्यातून भरती करा असा अर्थ काढू नये. निरोप नात्यातून जावा आणि निवड बाहेरच्या निष्पक्ष माणसाला बरोबर घेऊन व्हावी. आधीच्या दोन कंपन्यांतल्या वरिष्ठांशी आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्या सुपरवायझरशी बोलल्याशिवाय पत्र देऊ नये. सोयरिकीतून आलेला माणूस काढता येत नाही, ही भीती खरी आहे.

परदेशी तंत्रज्ञाबद्दल. १९९१ नंतर आपल्याकडे परदेशी कंपन्या आल्या, तेव्हा वरच्या खुर्च्यांवर त्यांची माणसे बसवण्याचा रिवाज पडला. पुढे त्या जागा बऱ्याच अंशी भारतीयांनी घेतल्या, कारण खर्च प्रचंड होता आणि शिकण्यासारखे शिकून झाले होते. खान्देशात परदेशी ज्ञानाचे वावडे कधी नव्हते. जळगावचे उद्योजक भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचनाचे तंत्र बाहेरून आणले आणि त्यांच्या कंपनीने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. पण ते तंत्र केळीच्या शेतात रुजवले ते येथल्याच माणसांनी. तुमच्या बाबतीतही परदेशी माणसाला शिकवण्यापुरते बोलवावे. कारखाना चालवायला देऊ नये.

खर्चाचे गणित मांडून पाहा. रोजगार व्हिसासाठी त्याचा वार्षिक पगार सर्वसाधारणपणे किमान १६.२५ लाख रुपये असावा लागतो, आणि ज्या कामासाठी भारतीय माणसे सहज मिळतात त्यासाठी हा व्हिसा मिळत नाही, म्हणजे 'प्लांट मॅनेजर' असे मोघम पद लिहून भागणार नाही. कोणते विशेष ज्ञान, हे दाखवावे लागते. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. घरमालकानेही त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत द्यायची असते, आणि शिरपूर-धुळ्यातल्या घरमालकांना हे ठाऊक नसते. करही तुम्हीच सोसायचा असे ठरले, तर उपकरासह ३१.२ टक्के कराच्या टप्प्यात त्याच्या हाती १०० रुपये पडण्यासाठी तुम्हाला सुमारे १४५ रुपये मोजावे लागतात. भविष्य निर्वाह निधीत परदेशी कर्मचाऱ्याला १ ऑक्टोबर २००८ पासून १५,००० रुपयांची वेतनमर्यादा लागू नाही. भारतीय व्यवस्थापकासाठी त्या मर्यादेवर महिना १,८०० रुपये भरून भागत असेल, तर दोन लाख वेतनाच्या परदेशी माणसासाठी तुमचा १२ टक्के वाटा २४,००० होतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, तरी त्या निकालाच्या भरवशावर महाराष्ट्रात वजावट थांबवण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याच्या देशाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार असेल, जसा जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांच्याशी आहे, आणि तो तिथल्याच कंपनीच्या नोकरीत राहून काही काळासाठी इकडे पाठवला जात असेल, तर तिकडचे प्रमाणपत्र आणून यातून सूट मिळू शकते. हे एकच कारण त्याला तुमच्या पगारपत्रकावर घेण्याऐवजी यंत्र कंपनीकडूनच पाठवून घेण्यास पुरेसे आहे.

कामाच्या जागीही अपेक्षा मर्यादित ठेवावी. वाळवलेल्या कांद्यात ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास कसा स्थिर ठेवावा, पट्ट्याचा वेग आणि हवेचे तापमान कसे जुळवावे, जंतुसंख्येच्या चाचण्यांत ग्राहक नेमके काय पाहतो, हे तो उत्तम सांगेल. रोजंदारीचा मुकादम आणि निवडणीच्या बायका यांच्यातला वाद तो सोडवू शकणार नाही आणि त्याने सोडवूही नये. त्याचे इंग्रजीही शिकलेले, आपल्या मुलांचे इंग्रजीही शिकलेले. मधल्या मध्ये सूचना बदलते. एका ठिकाणी 'गरज पडली तर वेग कमी करा' या सूचनेचे पाळी बदलेपर्यंत 'वेग कमी करा' एवढेच उरले आणि आठवडाभर उत्पादन का घटले ते कोणालाच उमगेना. त्यानंतर तिथे प्रत्येक सूचना मराठीत लिहून, यंत्राला चिकटवून, खाली त्याची आणि पाळीप्रमुखाची सही घेण्याची पद्धत पडली. तुम्ही ती पहिल्या दिवसापासून पाळावी.

म्हणून यंत्र कंपनीला असे सांगा: दोन वर्षांचा माणूस नको, पहिल्या हंगामाचे चार-पाच महिने आणि दुसऱ्या हंगामाचे सुरुवातीचे काही आठवडे पाठवा. त्याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून तुमचे दोन अभियंते द्या, दोन अशासाठी की शिकून झाल्यावर त्यांतला एक जाणारच. आणि यंत्राच्या किमतीचा अखेरचा हप्ता परदेशी माणूस कारखान्यात नसताना तुमच्या माणसांनी ठरलेल्या ओलाव्याचा माल सलग काही पाळ्या काढून दाखवण्याशी बांधा. विक्रेते आधी कुरकुर करतात, पण ही अट मान्य होते, आणि ती मान्य झाली की शिकवण्याचा उत्साह आपोआप वाढतो.

आता कालक्रम, कारण चुकीच्या महिन्यात आलेला चांगला माणूसही वाया जातो. मोठ्या कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो आणि त्या काळात जुनी कंपनी पगार वाढवून माणूस थोपवते. म्हणून पत्र दिल्यावर तीन महिने गप्प बसू नये, दर पंधरवड्याला त्याला प्रकल्पाच्या एखाद्या निर्णयात ओढावे, नकाशा दाखवावा, निविदा पाहायला सांगावी. निवड श्रावणात सुरू करून भाद्रपदाअखेर पत्र दिले, तर माणूस डिसेंबर-जानेवारीत, हंगामाच्या तोंडावर नव्हे तर थोडा आधी, हजर होतो. कुटुंब त्या वेळी येणार नाही, कारण शाळेचे वर्ष अर्ध्यात सोडता येत नाही. ते जूनमध्ये येईल. या मधल्या पाच-सहा महिन्यांचे त्याचे राहणे आणि दर पंधरवड्याचा प्रवास तुमच्याकडे असावा आणि तेवढ्या काळात तो शनिवारी लवकर निघाला, तर कोणी कुजबुजू नये असे वडिलांनाही सांगून ठेवावे. गुणवत्ता विभागाचा प्रमुख मात्र प्लांट मॅनेजरच्या आधी नेमा आणि त्याला थेट तुमच्या हाताखाली ठेवा, कारण कंटेनर रोखण्याचा अधिकार उत्पादनाच्या घाईत असलेल्या माणसाच्या हाताखाली दिला, तर तो वापरला जात नाही. या जागेसाठी निर्यातीच्या तपासण्यांना तोंड दिलेली व्यक्ती हवी, मग ती नाशिकच्या द्राक्ष-प्रक्रियेतून आली तरी चालेल आणि गुजरातमधल्या महुव्याच्या कांदा कारखान्यांतून आली तर अधिकच चांगले. जून उजाडला आणि प्लांट मॅनेजरचे कुटुंब शिरपूरला किंवा धुळ्याला आले नाही, तर त्याच महिन्यात त्याच्याशी मोकळेपणाने बोलून पुढच्या हंगामासाठी दुसरा उमेदवार पाहायला सुरुवात करा.